सोनाळ्याच्या मांडवात वाजलेली रेकॉर्ड

मुंबई, ता. ३ एप्रिल १९७०

ती. सौ. अन्नपूर्णाताईस,
शि. सा. न. वि. वि. नांदुऱ्याहून पाठवलेले तुझे पत्र पोचले. दाजी आणि लेकरे खुशाल आहेत हे वाचून बरे वाटले.

ताई, आमच्या चौघांच्या बँडची पहिली रेकॉर्ड निघाली! सोबत पाठवतो आहे. विजेवरची गिटार माझी, गाणारा आवाजही माझाच. एका बाजूचे गाणे आपल्या ज्वारीच्या वावरातले आहे. कणसात दाणा भरला की आपण मचाणावर चढायचो. गोफण तुझ्या हाती, पाखरे हाकलायची आरोळी माझी. तू दमलीस की मलाच गोफण दे म्हणून मी रडायचो. त्याच आरोळीने गाणे सुरू होते आणि मग ड्रम धडाडतो. रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणाले की एवढी आरोळी काढून टाका, शहरातल्यांना कळणार नाही. आम्ही चौघेही अडून बसलो.

बाबांना मात्र कळू देऊ नकोस. अकोल्याचे शेतकी कॉलेज मी सोडले, तेव्हापासून त्यांची एक ओळ नाही. तू ऐकलेस तरी मला पुष्कळ.

धाकट्यावर माया आहे तशीच असू दे.
तुझा इंद्रभान

*

नांदुरा, ता. २० मे १९७०

चि. इंद्रभान यास ताईचे अनेक आशीर्वाद.

उत्तराले उशीर झाला, पण कारण वाचशील तर रागावणार नाहीस. किसनकाकाच्या मंजुळेचं लग्न आपल्या सोनाळ्याले झालं. आमच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही, म्हणून तुझी रेकॉर्ड लुगड्यांच्या घडीत घालून नेली अन् लाऊडस्पीकरवाल्याले दिली. बाबा जेवणं उरकून वावराकडे गेले की मगच लाव, असं बजावलं होतं. त्यानं भर पंगतीत लावली.

बाबा बुंदी वाढत होते. तुझी आरोळी आली अन् ते जागीच थांबले. मग तुमचं ते वाजणं असं सुटलं की पोरं पत्रावळी सोडून नाचायले लागली. पंजाबमामा म्हणाले की हे काय भांडे पडून राह्यले, बंद कर बे. बाबा बुंदीची बादली ठेवून सरळ यंत्राकडे गेले. मले वाटलं, आता फोडतात. मी तोंडात पदर धरून बसले.

त्यांनी लाऊडस्पीकरवाल्याले सांगितलं की पुन्हा लाव. दुसऱ्यांदा ऐकलं अन् म्हणाले की पोराची आरोळी कच्ची आहे, शेवट ओढला नाही तर पाखरू हलत नाही. अन् भर मांडवात, फेटा सावरून, स्वतः आरोळी दिली. इंद्रभान, आई गेल्यापासून त्या माणसाचा आवाज कोणी चढलेला ऐकला नव्हता. सारी पंगत हसली, तेही हसले. मग मले बाजूले नेऊन विचारलं की तो जेवतो कुठं. तुझा पत्ता मी देऊन टाकला. दिला त्याचा राग नको धरू.

तब्येत सांभाळ, अन् ताईले विसरू नको.
तुझी ताई

*

सोनाळा, ता. ८ जून १९७०

चि. इंद्रभान यास वामनरावाचे आशीर्वाद. इकडील सर्व ठीक.

पेरणीची तयारी चालू आहे. तांबड्या गाईले गोऱ्हा झाला. रेकॉर्ड मी अन्नपूर्णेकडून मागून घेतली. तुमच्या गाण्यातले निम्मे शब्द मले समजत नाहीत, पण गावातली पोरं तेच गाणं म्हणून राह्यली, त्यांना समजत असतील.

पोळ्याले ये. सोबतच्या तिघांनाही आण, त्यांच्या घरचे काळजी करत असतील तर माझं नाव सांग. विजेची गिटार आहे म्हणे. गावात वीज आली आहे, पण तिचा भरवसा नाही. नसली तर नुसतं गा.

शेगावच्या स्टेशनावर मी घ्यायले येतो. मले आता चष्मा लागला आहे अन् मिशी सारी पांढरी झाली. गर्दीत मी तुले ओळखीन का नाही, सांगता येत नाही. तू मले हाक मार.

तुझा बाप
वामनराव