वरचा सूर तुमचा

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. निळा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय, घालायलाच हवा असं नाही. मी चर्चला निघाले.

लेक देवाघरी गेल्यापासून तुम्ही गात नाही, आणि मी गाते म्हणून धुसफुसता. पण हा आनंद मी ओढूनताणून आणत नाही हो. रडतानाही प्रभू तो पदरात टाकतो, त्याला मी काय करू?

चर्चमध्ये आपण जोडीनं गायचो तसा, गाताना मी अजून माझा खालचाच सूर धरते. वरचा तुमचा, तो मोकळा ठेवते. नुसता खालचा सूर ऐकून लोक वळून बघतात, बघू देत.

काल अंघोळ करताना तुम्ही आपलं जोडीचं गीत गुणगुणत होतात. मी मिक्सर बंद केला, दाराशी उभी राहिले आणि हळूच खालचा सूर धरला.

तुम्ही थांबला नाहीत.