शादानचे कलमदान आणि माहयारचे नाव

मी शादान, बर्झीनचा मुलगा, राहणार हेरात, तांबटांचा बाजार, वय एकोणसत्तर, पितळेत चांदी जडवणारा कारागीर, अल्लाला साक्ष ठेवून लिहितो की माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे येते ते आजाराने, भीतीने नव्हे.

१. मला मुलगा नाही. रिवाजाप्रमाणे निम्मे माझी मुलगी गोहर हिला आणि उरलेले धाकटा भाऊ माहयार याला जाईल. त्यासाठीच तो हल्ली रोज डाळिंबे घेऊन येतो. परंतु घर, भट्टी, छिन्न्या व चांदीची तार सर्व गोहरला मिळावे. याला वारस म्हणून माहयारची संमती लागते, ती मोहर खाली घ्यावी.

२. गोहरने त्याच्या मुलाशी लग्न करू नये. त्यांना सून नको, मी तिला शिकवलेली, कोरीव रेघांत भरायच्या काळ्या लुकणाची कृती हवी आहे.

३. अठरा वर्षांपूर्वी दोन हिवाळे खपून मी एक कलमदान घडवले. झाकणावर शिकारी, कडेने अक्षरे. नाव कोरायचे राहिले होते. मी तापाने पडलो असता माहयारने ते आपले म्हणून सुभेदाराला दाखवले. मग मला म्हणाला, "दादा, नाव माझं कोर. कोळशाचा ठेका माझ्याकडे आहे. पोर तान्ही आहे तुझी, विचार कर."

मी कोरले. त्याला अक्षरओळख नाही. प्रत्येक अक्षराला मी माणसाचे तोंड काढले, त्यामुळे बाकीच्यांनीही तोंडेच पाहिली. तिथे लिहिले आहे, 'घडवले शादानने, चोरले माहयारने.' त्या कलमदानाच्या जोरावर तो बाजाराचा मुखिया झाला.

मी गेल्यावर पहिल्या शुक्रवारी, नमाजानंतर, काझींनी कलमदान मागवून त्यावरची ती ओळ भर बाजारात मोठ्याने वाचावी. माहयारला पुढे बसवावे. गोहर म्हणते, "बाबा, जाऊ द्या ना आता." नाही जाऊ देणार.

४. त्याने माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये. रडायचे तर खुशाल रडावे, ते त्याला छान जमते.

सही: शादान
साक्षीदार: साबित, रोट्या भाजणारा भटारी
संमती: माहयार, मुखिया (मोहर)
हेरात, ९ रजब, हिजरी ६०७

काझींच्या कचेरीतील लेखक अबुल्फतह याची नोंद: मोहरेपूर्वी मी मुखियांना "वाचून दाखवू का?" असे विचारले. ते म्हणाले, "मला वाचता येत नाही असं वाटलं काय रे तुला?" त्यांनी कागद हातात घेतला, ओळींवरून सावकाश बोट फिरवले, "दादानं चांगलं लिहिलंय," म्हणाले आणि मोहर उठवली. कागद त्यांनी उलटा धरला होता.