दोराचा पाय

मोखाडा, माघ वद्य ५, शके १८३४

रामीबाय आणि सावळा भावजी यांना धाकट्या भावाचा, फागूचा रामराम. इकडे आम्ही दोघं आहोत तसे आहोत, म्हणजे कमू सोळा आणे आणि मी पंधरा. उरलेल्या एका आण्याचं पुढे लिहितो.

कान्हा, पत्र तूच वाचणार, म्हणून तुलाही रामराम. जव्हारच्या शाळेत तू वाचताना मधले शब्द गिळायचास. इथं गिळू नकोस.

जंगल नाक्यावरची नोकरी बरी चालली आहे. सागाच्या गाड्या येतात, ओंडक्यावर शिक्का आहे का ते बघायचं आणि आडवा बांबू उचलायचा. इथले खालसातले, म्हणजे इंग्रजी मुलखातले, अंमलदार आपल्या संस्थानातल्यांपेक्षा जास्त ओरडतात, पण मारत नाहीत. भाताचं कसं झालं ते कळवा. नागली पुरेल ना? कमूच्या बापानं पोशेऱ्याहून उडदाची गोणी पाठवली. पाठवताना निरोप काय दिला, तर "जावयाला चांगलं खाऊ घाल, त्याच्या पायावर आपल्या पोरीचा जीव हाय." म्हातारा अजून तेच धरून बसला आहे.

तर पायाचं. माझ्या उजव्या पोटरीत काहीतरी गुणगुणतं. दुखत नाही, सुजलेलं नाही, मुंग्याही नाहीत. मडक्यात माशी अडकली आणि मडक्याला हात लावला की हाताला जसं लागतं, तसं. घोट्याच्या वर चार बोटं सुरू होतं, गुडघ्याखाली थांबतं. बसलो की येतं, चाललो की जातं, म्हणून मी बसतच नाही. नाक्यावर इकडून तिकडे फेऱ्या मारतो. कारकून म्हणतो, फागू, तू काय घाण्याला जुंपलायस का?

सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरानं पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाला, काही नाही. निरगुडीचा पाला बांधला, विटेचा शेक घेतला. कमूनं तर पोटरीला कान लावला आणि मला म्हणाली, "माज्या कानाला तं काय नाय येत. तुज्या डोक्यातच मोहोळ बसलंय." तिची जीभ तुम्हाला माहीत आहे.

एवढं लांबण लावायचं कारण असं की यंदा चैत्रात भावजी मधासाठी कड्यावरून उतरतील तेव्हा वर दोर धरायला मी येऊ शकणार नाही. असा पाय घेऊन दोरावर बसणं बरं नव्हे. भावजींनी दुसरा कुणी पाहावा, नाहीतर एक वर्ष मोहोळ राहू द्यावं. माश्या कुठं पळून जात नाहीत.

दोघांनी प्रकृतीस जपावं. रामीबाय, तुझा खोकला गेला का? जांभळीच्या सालीचा काढा घे.

तुमचा फागू


मोखाडा, फाल्गुन वद्य ३

रामीबाय, भावजी, रामराम.

होळीला आलो नाही म्हणून रागावलात ते पावलं. रजा नव्हती. (कान्हा, रजा मागितलीच नव्हती, पण हे वाचू नकोस. वाचलंस तर वाचलंस.)

कान्हानं लिहिलेलं तुमचं उत्तर मी चार वेळा वाचलं. भगतानं तांदूळ पाहिले, आणि त्यात आलं की पायात माश्यांचा देव बसला आहे, शुभ आहे, भिऊ नये. भगताला माझा नमस्कार सांगा. त्याच्या स्वतःच्या पोटरीत देव बसला असता तर त्यानं तांदूळ वेगळे पाहिले असते.

आणि हे दुसरं काय काढलं आहे, भावजी? यंदा धबधब्याशेजारच्या मोठ्या कड्याला उतरणार? तिथं तुमचे वडील उतरले नाहीत, आजे उतरले नाहीत. तिथली सात मोहोळं खालून बघूनच लोक हात जोडतात. कान्हानं तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत: "वर फागू असंल तं मी पाताळातबी उतरंन." हे वाचल्यापासून मला बसवत तर नाहीच, उभंही राहवत नाही. पाय आता चालतानाही गुणगुणतो.

नेम मला माहीत आहे, शिकवू नका. इथल्या कारकुनाला सांगितला तर तो तोंडात बोट घालून बसला. त्याला म्हटलं, आमच्याकडे कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोचा भाऊच धरतो. सख्ख्या भावाच्या हाती देत नाहीत, कारण भाऊ मेला तर शेत त्याला मिळतं. मेहुण्याला काय मिळणार? विधवा बहीण. म्हणून तो सोडत नाही. कारकून म्हणाला, फारच हुशार माणसं तुम्ही. मीही हो म्हणालो.

पण नेम माणसांनी केला, माणसांनी एकदा मोडला तर काय आभाळ कोसळेल? कान्हाला बसवा. तो जाडा आहे, वाऱ्यानं हलत नाही. दोर ऐनाच्या खोडाला तीन वेढे देऊन येतो, भार सगळा झाड घेतं, शेवट पायाला गुंडाळून नुसतं बसायचं तर असतं. दोराचा हिसका ओळखायचा, एक हिसका सोड, दोन हिसके ओढ. त्यात माझ्या पायाला काय सोनं लागलंय?

आणि कुणीही बसलं तरी दोराच्या शेवटाला मोठी गाठ मारा. नारळाएवढी. मागच्या वर्षी होती तेवढी पुरे नाही. का म्हणून विचारू नका, मारा.

कमू म्हणते, मी पत्र लिहितो आहे की कुणाशी भांडतो आहे. तिलाही वाटतं मी जावं. ती पोशेऱ्यात सगळ्यांना सांगत सुटते, माझा नवरा माश्यांनी फोडून काढला तरी जागचा हलला नाही. माझ्या मानेवरचे डाग दाखवते. मागच्या आठवड्यात नाक्यावर एक गाडीवान मला बघायला म्हणून थांबला. मी त्याच्या गाडीतले ओंडके तीन वेळा मोजले आणि त्याला उगाच रखडवलं.

भावजी, मी पाया पडतो, मोठ्या कड्याचं सोडा.

तुमचा फागू


मोखाडा, चैत्र शुद्ध ९, शके १८३५

रामीबाय आणि भावजी,

रामराम मागाहून. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी उतरायचं नक्की केलंत, भगतानं कोंबडं मागितलं, आणि मला आणायला दोन माणसं निघणार, असा निरोप काल बाजारात मिळाला. माणसं पाठवू नका. आधी हे ऐका. कान्हा, हे पत्र घरात नको, पडवीत वाच. ज्यांनी ज्यांनी माझा पाय पाहिला त्या सगळ्यांना बोलाव, भगतालाही. थांबलास तर मला पुन्हा लिहायचा धीर होणार नाही, म्हणून एका दमात वाच.

मागच्या चैत्रात मी दोर सोडला.

सोडला म्हणजे निसटला नाही. मी पायाचे वेढे माझ्या हातांनी उलगडले आणि पळालो.

सगळं होतं तसं सांगतो. भावजी खाली गेले, धुराची पेंढी पेटली. दोर पायाला होता. आधी एक हिसका आला, मी सोडलं. मग खालून माश्या उठल्या. त्या दिसायच्या आधी मला दोरातून कळलं, कारण भावजी थरथरत होते आणि ती थरथर दोरातून माझ्या पोटरीत येत होती. आणि त्यात माश्यांचा आवाज. कानानं नाही, पोटरीनं ऐकला. मधाची मडकी घेऊन मागे उभे होते ते पळाले. त्यांना पळायची मुभा असते, त्यांना दोष नाही. पहिल्या चार-पाच मानेवर बसल्या आणि मला वाटलं मी मेलो. रामीबाय, त्या वेळी तू मला आठवली नाहीस. खोटं कशाला सांगू? आठवली असतीस तर मी बसलो असतो की नाही तेही मला माहीत नाही. मला फक्त माझी मान आठवत होती.

करवंदीच्या जाळीत तोंड खुपसून पडलो आणि मागे खोडावरून दोर सर्रकन जाताना ऐकला. मग तो थांबला. शेवटाची गाठ ऐनाच्या दोन मुळ्यांमध्ये अडकली होती. ती मी मारलेली नव्हती, भावजींनीच मारली होती, सवयीनं. लिंबाएवढी होती.

विडा लावून होईल एवढा वेळ मी जाळीत होतो. मग परत आलो. दोराला दोन हिसके आले. भावजी जिवंत होते आणि वर ओढ म्हणून मला सांगत होते. मला सांगत होते. गाठीमागे उरलेला दोराचा शेवट मी पुन्हा पोटरीला गुंडाळला आणि आवळला, कातडी फुटेपर्यंत आवळला. मग ओरडलो, या रे, ओढा रे. तुम्ही सगळे आलात.

आपली रीत आहे, माणूस वर आला की म्हाताऱ्यांनी दोरावरच्या माणसाचा पाय बघायचा. वळ खोल असला तर दोर धरला म्हणायचं. म्हाताऱ्यांनी माझा पाय पाहिला. भगतानं वळांत बोट घातलं आणि ते मावलं. तेव्हा कुणी विचारलं नाही, वळ कधीचे. कोण विचारणार? आपल्यात असं कुणी केलेलंच नाही.

आणि भावजी, तुमचं तोंड सुजून भोपळा झालेलं, तशात तुम्ही काय म्हणालात? "फागूनं मला येळेवर दोन पुरुष खोल सोडलं, म्हून माश्यांखालून निसटलो. याला म्हणत्यात डोकं." ते मी सोडलं नव्हतं. ते तुम्ही पडत होतात.

मी तेव्हा बोलणार होतो. माझं तोंडही सुजलं होतं, ते एक निमित्त झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या पाड्यात नागलीची भाकर आणि मध वाटलात माझ्या नावानं. आठ दिवसांत पोशेऱ्याहून कमूचा बाप आला. "ज्यानं भावजीचा दोर सोडला नाय, तो माज्या पोरीला काय सोडंल." वैशाखात लग्न. मग मी खालसात नोकरी शोधली. सगळ्यांना वाटलं फागू मोठा झाला. मी ऐनाच्या झाडापासून लांब गेलो, एवढंच.

पाय लग्नानंतर सुरू झाला. तो कशानं गुणगुणतो हे मला ठाऊक नाही, कंपाउंडरालाही नाही. हे लिहिलं की थांबेल असं मनात होतं. थांबला नाही. आत्ताही चालू आहे, अक्षर वाकडं येतं ते त्यामुळे. राहू दे, त्याचं मी बघेन. पण तुम्ही मोठ्या कड्याला उतरायला निघालात ते माझ्या नसलेल्या धिटाईवर, आणि ते मला बघवत नाही. सात मोहोळं आहेत तिथं, आणि खाली पाण्याचे दगड.

कमूला परवा सांगितलं. दिवसभर काम उपसलं. दळलं, पाणी भरलं, शेण लावलं. वाटलं बापाकडे जाते आता. संध्याकाळी भाकर पुढं ठेवली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपेग? ज्याचा जीव टांगला त्याला सांग." मग म्हणाली, मानेवरचे डाग ती आता कुणाला दाखवणार नाही. मला रडू आलं. तिच्यासमोर नाही, नाक्यावर.

भावजी, तुम्ही मला जे काय म्हणाल ते म्हणा, मी मान खाली घालून ऐकेन. उतरायचं सोडाल असं मला वाटत नाही, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मग निदान लहान कड्याला उतरा, आणि दोर माझ्या पायाला देऊ नका. कान्हालाही नको. मी त्याचं नाव घेतलं ते स्वतःची सुटका म्हणून घेतलं होतं.

रामीबाय, दोर तू धर.

भगत ओरडेल, बाईची सावली कड्यावर पडू नये म्हणेल. ओरडू दे. मेहुण्याला का बसवतात, तर बहीण विधवा होऊ नये म्हणून. मग त्या बहिणीपेक्षा जास्त घट्ट कोण बसेल? जोर झाडाचा असतो, मी सांगितलंच. माणसानं फक्त हलायचं नाही. लहानपणी मी तापात असताना तीन दिवस तू माझ्या उशाशी बसलीस, लघवीलासुद्धा उठायला तयार नव्हतीस, असं आई सांगायची. मी तसा नाही. हे आपल्या पाड्याला एक वर्षापूर्वी कळायला हवं होतं.

मी येतो. माणसं पाठवू नका, माझा मी येतो, पुनवेच्या सकाळी पोचतो. पडवीत घेतलंत तर पडवीत बसेन, नाहीतर वडाखाली. जाडं कांबळं बरोबर आणतो. माश्या उठल्या तर ते तुझ्यावर पांघरून वर मी आडवा पडेन. आडवा पडेन असं आज लिहितो आहे. त्या वेळी माझ्या हातून काय होईल याची खात्री मला नाही, तुम्हीही धरू नका. पण मी पुन्हा पळालो तरी या खेपेला दोर तुझ्याजवळ राहील, आणि भावजी वर येतील.

येतो आहे,
फागू