सणाला बोलावणं नसतं

कोलाशिन, २८ एप्रिल २००६

मिलुशाताई,

पुढच्या शनिवारी आपल्या घरच्या संताचा सण. सणाला कुणाला बोलवायचं नसतं, आपली माणसं आपणहून येतात, हे लहानपणी तूच मला शिकवलंस. तू तर दरवर्षी आठवडाभर आधी येतेस, पाव भाजायला. यंदा अजून पत्ता नाही.

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "माँटेनेग्रो सर्बियापासून वेगळा झाला, की मी माहेरी पासपोर्ट दाखवून यायचं का रे?" मी चिडून बोललो, "दाखव, त्यात काय एवढं." तेव्हापासून तू गप्प आहेस.

एकवीस मेला मी वेगळं होण्याच्या बाजूनेच मत देणार, ते लपवत नाही. आपलं आपण ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. इथे शेजारी शेजारी कॉफीला वेगळ्या टेबलांवर बसायला लागलेत. आणि मी तुझ्या बेलग्रेडहून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभा राहतो.

तुझी भावजय काल म्हणाली, "मतदानाला तीन आठवडे आहेत. तू आत्ताच सरहद्दीवर पहारा द्यायला लागलास?"

म्हटलं, कुंपण तपासतोय. तिने तुझ्या खोलीतली गादी तेवढी उन्हात टाकली.

नुसतं 'ये' लिहून पाकीट टपालात टाकावं, असं सारखं वाटतं. पण बोलावणं परक्यांना धाडतात, ताई. हे टाकलं, तर मतदानाच्या आधीच तुला परकी करणारा मीच ठरेन.

फाटकापाशी उभा,
तुझा रादोसाव