दोन मिनिटांचा फोन आणि हिरवा पडदा

पिपलानी, भोपाळ
रविवार

आणि हे काही बरोबर नाही, वहिनी. माणसानं घरी फोन केला की "काय काम होतं?" असं विचारायचं, काम नाही म्हटलं की "मग ठेवते" म्हणायचं, आणि दोन मिनिटांच्या आत खरंच ठेवायचा! काम असेल तरच फोन करायला मी काय वीजबिलवाला आहे? दिवाळीत हे भांडण अर्धं राहिलं (एसटी आली), ते आता पुरं करतो. कागदावर करतो, कारण कागद तुम्हाला मधूनच कापता येत नाही.

तर, तीर्थरूप अलकावहिनींना विक्रांतचा साष्टांग नमस्कार. आईचे गुडघे, दादाचा खोकला आणि सईचा हलणारा दात यांची प्रकृती कशी आहे ते कळवावं. मी मजेत आहे. (मजेत म्हणजे ताप नाही.) अक्षराला हसू नये; सातवीत शाळा सोडली तेव्हा ते जेवढं होतं तेवढंच राहिलं, मी तेवढा वाढलो.

तुम्ही दादाला सांगितलंत म्हणे, की विक्रांतनं पगार कुठल्याशा डब्यात घातला. डबा नाही, पडदा. आमच्या कबाड्याच्या गोदामात बरखेड्याच्या कारखान्याकडून जुन्या कॉम्प्युटरांचा ट्रक आला होता. हातोडीनं फोडून तांबं एकीकडे, प्लास्टिक एकीकडे करायचं, हे माझं काम. त्यात हा निघाला, जुन्या जमान्याचा, पुढे फुगीर काच आणि मागे म्हशीसारखं पोट. ह्याला स्वतःचं डोकं नसतं, वहिनी. डोकं दुसऱ्या खोलीत, मोठ्या कपाटात असायचं. तिकडून जे येईल ते हा नुसता दाखवायचा. (आपल्या घरात दादाचं तसंच आहे, पण ते जाऊ द्या.) मी हातोडी उचलली, तर काचेत माझंच तोंड. खरं सांगतो, किती दिवसांत कुणी इतकं जवळून माझ्याकडे पाहिलं नव्हतं. हातोडी खाली ठेवली आणि मालकाला म्हटलं, हा माझ्या पगारातून कापा. तो म्हणाला, "पागल है क्या?" आणि कापले.

पुढचं समीरनं केलं. समीर बिट्टन मार्केटपाशी टीव्ही दुरुस्त करायचा. आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही, म्हणून मोबाईलच्या काचा बदलतो. त्यानं एका मेलेल्या ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीचं आतडं काढून ह्याच्या पोटात बसवलं. मला बजावून सांगितलं, "हाथ मत लगाना भाई, बंद हो तब भी काटता है," आणि कुठं काटता है ते दाखवायला स्वतःच बोट लावलं. तो उडाला तो थेट शेजारच्या समोसेवाल्याच्या परातीवर. बसलेले समोसे मला विकत घ्यावे लागले. (चव चांगली होती, आकार गेला होता.) मग मोबाईल जोडायची एक डबी आणली, आणि पडदा लागला!

सगळं हिरवं. त्यात दुसरा रंगच नाही. मी दिवाळीत सईनं काढलेला व्हिडिओ लावला, आई भाकरी थापते तो. हिरवी आई, हिरवा तवा, हिरवी भाकर. पण मोबाईलमध्ये अंगठ्याएवढी दिसते ती इथं परातीएवढी दिसली. मी उगाच उठून उभा राहिलो.

आता ह्यात एक खोट आहे. कारखान्यात वर्षानुवर्षं एकच पान लावून ठेवल्यानं त्या पानाची अक्षरं काचेला आतून भाजून बसलीत. राखेनं घासून पाहिलं, जात नाहीत. इंग्रजी असल्यानं मला वाचता येईनात. आमचे घरमालक रवींद्रकाका नागपूरकडचे, अशाच कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेले, त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून मराठीत करून सांगितलं. आईच्या कपाळावर आहे 'माल आला', तव्यावर 'शिल्लक', आणि मागच्या दारावर 'बाहेर'. काकांचे तर डोळेच भरून आले. "अगदी असाच माझ्या टेबलावर होता रे! ह्या यादीतला तिसरा नंबर दाबला तर कधी चालला नाही. साहेब म्हणायचा चालतो." मी म्हटलं, काका, ही माझी आई. तर म्हणाले, "हो हो, छान आहेत. जरा बाजूला घेता येतील का? चौथी ओळ दिसत नाही."

तर सांगायचं म्हणजे, आता माझी खोली रोज भरलेली असते. आख्खी गल्ली पडदा पाहायला येते, पाय ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा 'एकटा पडलाय म्हणून सारखा फोन करतो' असं जे तुम्ही आईला सांगता, ते मनातून काढून टाका.

दादाला नमस्कार, सईला पापा. आईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा कपाळाचं गाळा.

तुमचा दीर,
विक्रांत

ता. क. गल्लीचं खरं नाही. काका तेवढे यायचे, तेही चौथ्या ओळीसाठी. आता तेही मुलीकडे इंदूरला गेलेत, पावसाळ्यानंतर येतील.

आणखी ता. क. व्हिडिओ फार लहान आहे, वहिनी. आई भाकरी उलटते, सई म्हणते आजी इकडे बघ, आई म्हणते "सर तिकडे, करपेल," की संपला. माझा पहिला घासही गिळून होत नाही. मग उष्ट्या हातानं परत लावायचा. तर एवढं करा: संध्याकाळी स्वयंपाकाला बसाल तेव्हा व्हिडिओ कॉल लावून फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवा, आणि विसरून जा. माझ्याशी बोलू नका. आईला सांगू नका. सांगितलं तर ती पदर सारखा करून फोटोला बसल्यासारखी बसेल. तुम्ही आपलं दादावर ओरडा, सईचे पाढे घ्या, मला नावं ठेवायची असतील तर तीही ठेवा. मी इकडे ताट घेऊन बसतो. जेवण झालं की आपणच बंद करीन. आपल्या गावचा दत्तू ट्रक घेऊन आलाय, त्याच्याच हातून हे पत्र, आणि रिचार्जचा भार तुमच्यावर नको म्हणून सोबत साडेतीनशे रुपये.