बी.ए.ची अट गेली

भिसेगाव, कर्जत. मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागण.

मी सांगते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही, सुनंदा मॅट्रिक झालेली. पण मागं तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली तेव्हा बी.ए. नाही म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. टपाल नोंदवायला बी.ए. कशाला लागतं कोण जाणे. आज कळलं, ती अट काढली.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. ओटीवर बसले, समोर माथेरानचा डोंगर निळा होत गेला, आणि त्यात मला सुनंदा दिसली. पंख्याखाली, खुर्चीत. मी अंगठा उठवायला पुढं उभी, तर मलाच विचारते, "बाई, नाव काय तुमचं?" काय ती ऐट.

लिहिताना हसतेय. पण जायला तयार नाही. साहेब पूर्ण नाव विचारणार, त्यात नवऱ्याचं नाव येणार, आणि आमच्यात बायका ते घेत नाहीत. सरकारनं अट काढली, आमची राहिलीच.

"उखाण्यात सांग की गं," मी म्हटलं.

"आत्या, कचेरीत उखाणा?"

"मग आधी माझ्यापुढं साधं सांग."

"तुमच्यापुढं? तुमचा लेक हाय तो."

"म्हणूनच. नाव मीच ठेवलंय. मला चालतंय."

पेंढ्याचा वास, लांब कुठंतरी गाडीची शिटी. मग मान खाली घालून म्हणाली, "दत्ताराम."

"ओ, आलो आई," लेक आतून म्हणाला.

"आई नाय," सुनंदा म्हणाली, "मी हाय. सोमवारी कचेरीत जातेय मी."