तूरडाळ जास्त भरली

१२ जानेवारी, सोमवार

झालं! सुजितने काल शेवटचं सांगून टाकलं. "बाबा, माझा हप्ता वाढलाय. दोन घरं चालवणं आता जमत नाही. काळेवाडीच्या खोल्या भाड्याने द्या आणि आई नि तुम्ही मारुंजीला आमच्याकडे या." अकराव्या मजल्यावर! तिथून खाली बघितलं की माणसं दिसत नाहीत, नुसते गाड्यांचे टप.

मी म्हटलं, आमचा किराणा-भाजीचा खर्च महिना आठ हजार आहे, तो सहावर आणला तर? पोरगा हसला. "मार्चचा हिशोब दाखवा. सहाच्या आत बसला तर राहा. नाहीतर एप्रिलमध्ये टेम्पो आणतो."

हसायला काय झालं? एकतीस वर्षं पिंपरीच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळलं मी. दोन माणसांचा किराणा म्हणजे काय मोठं लागून गेलं!

बायकोला, सुभद्रेला, सांगितलं. "सहा हजारांत? बरं," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. तिला मारुंजीला जायचंय की नाही, ते विचारायचं राहिलं.

१३ जानेवारी, मंगळवार

आजपासून स्वयंपाकघर म्हणजे स्टोअर्स. प्रत्येक डब्याला दोऱ्याने कार्ड बांधलं — आलं किती, गेलं किती, उरलं किती. फडताळाला कुलूप. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात. माल सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मिळेल. चिठ्ठी लिहून मागायचा.

सुभद्रा म्हणे, "मिठाला पन चिठ्ठी?"

मिठालाच आधी! मीठ कोणी मोजत नाही, म्हणून गळती तिथेच असते.

तिची पहिली चिठ्ठी आली — "डाळ. लागंल तेवडी." नामंजूर केली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सुभद्रेने तिळगूळ गल्लीतल्या पोरांना न मोजता वाटला! समज दिली.

१८ जानेवारी, रविवार

स्टोअर्सचा पहिला नियम: जो माल आधी आला, तो आधी जाणार. नव्याला हात लावायचा नाही. म्हणजे जुना कोपऱ्यात सडत नाही.

मंडईतून मेथी आणली. कोवळी, हिरवीगार. सुभद्रा लगेच निवडायला बसली. मी थांबवलं. आधी बुधवारचा दुधी, मग शुक्रवारची गवार, मग मेथी.

२१ जानेवारी, बुधवार

गवार संपली. मेथी पिवळी पडली, पण पाळीप्रमाणे पडली. खाल्ली. वाया काही गेलं नाही! फ्लॉवर आणलाय — झकास, पांढराशुभ्र. त्याची पाळी शनिवारी.

सुभद्रा ताटातली पिवळी मेथी चिवडत होती. मग म्हणाली, "म्हंजी आपन ताजं कधीच खायाचं न्हाई?"

मी विचार केला. प्रश्न नियमात बसत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

जानेवारी: सहा हजार नऊशे दहा. वाया गेलेला माल — लिंबू, नग एक. चौकशी चालू आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

मी आंघोळीला गेलो होतो. तेल तापलेलं आणि सकाळच्या चिठ्ठीत मोहरी नव्हती. सुभद्रा बाहेरून ओरडतेय, "अवो, किल्ली! तेल पेटंल!" मी आतून सांगितलं, गॅस बंद कर, चिठ्ठी लिहून ठेव, येतोच.

बाहेर आलो तेव्हा गॅस बंद होता. चिठ्ठी नव्हती. वरणाला फोडणीही नव्हती. तसंच जेवलो. मोहरी वाचली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस फोडणी नाही. मोहरीचं कार्ड जागच्या जागी आहे. जेवायला बसल्यावर भूक का लागत नाही, कळत नाही. वय झालं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रमजान सुरू झाला. कोपऱ्यावरच्या मीरासाहेबांच्या किराणा दुकानात खजुरांची खोकी रचलीत. वीस वर्षं आमचा दुकानदार, तरी अर्धा किलो खजुरांना चार रुपये सोडले नाहीत! वरच्या मजल्यावर त्यांच्या पत्नी कनीजभाभी मेस चालवतात. चाकणच्या कंपन्यांत जाणारी पोरं तिथे जेवतात, सगळी शाकाहारी थाळी.

घरी आलो तर सुभद्रा पदर खोचून निघालेली. "भजनाला जाते. भाकरी टाकून ठिवल्यात." चिठ्ठीचं विचारलं तर म्हणे, "आज काय नगं मला."

काही नको! पद्धत अंगवळणी पडली म्हणायची.

२८ फेब्रुवारी, शनिवार

फेब्रुवारी: सहा हजार दोनशे चाळीस!! सुजितला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बघू मार्चला."

सुभद्रा रोज भजनाला जाते. तिथेच प्रसाद खाते म्हणे, घरी दुपारी जेवतच नाही. देवाने तरी किती ऐकायचं! पण येते तेव्हा गुणगुणत येते.

४ मार्च, बुधवार

काहीतरी भयंकर घडलं आहे.

तूरडाळ मोजली. कार्डावर एक किलो शंभर. डब्यात दीड किलो. पुन्हा मोजली. दीड किलो. काटा शेजाऱ्यांच्या बाळावर तपासून पाहिला. काटा बरोबर आहे, बाळ गेल्या आठवड्याएवढंच आहे.

माल कमी भरला तर माणूस घाबरत नाही. चोरी झाली, चोर शोधायचा. पण जास्त भरला म्हणजे? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ऐकलं होतं. आमच्याकडे कुत्रं पीठ आणून टाकतंय!

६ मार्च, शुक्रवार

साखर पाव किलो जास्त. तेल जास्त. शेंगदाणे जास्त. कमी भरला तो फक्त येसूर. आमच्या बार्शीकडचा मसाला, धान्य भाजून केलेला, आमटीला लावतात. सुभद्रा घरी कुटते. इथे कुठल्या दुकानात मिळत नाही. तो जवळजवळ अर्धा गायब!

जो चोर डाळ आणून ठेवतो आणि येसूर घेऊन जातो, तो कसला चोर?

सुभद्रेला विचारलं. "उंदरं असतील," म्हणाली. उंदीर साखर आणून ठेवतात?

८ मार्च, रविवार

छडा लागला असं वाटलं. मीरासाहेब वजनात जास्त घालत असणार! गेलो तडक. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी बोललोच. "मीरासाहेब, तुमच्या काट्यात खोट आहे. तुम्ही आम्हाला जास्त देता."

ते पुड्या बांधायचे थांबले. "काय?"

"जास्त देता. मार्चात चारशे ग्रॅम डाळ जास्त आलीय. हे खपवून घेणार नाही."

"उद्धवराव," ते म्हणाले, "रोजा आहे माझा, म्हणून गप ऐकतोय. वीस वर्षं धंदा करतोय राव. कमी दिलं म्हणून भांडणारे रोज येतात. जास्त दिलं म्हणून भांडायला पहिले तुम्हीच!"

गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, यांची डाळ मला द्या."

मी काटा उलटा करून बघायला लागलो तसे मीरासाहेब उठलेच. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही," म्हणाले. बोलणं बंद झालं. आता किराणा काळेवाडी फाट्यावरून आणावा लागणार.

११ मार्च, बुधवार

काल डाळीच्या डब्याला लाख लावून सील केलं. आज सील शाबूत.

तांदूळ पाऊण किलोने वाढले.

१५ मार्च, रविवार

दुपारी झोपेचं सोंग घेऊन पहारा द्यायचं ठरवलं. झोप लागली. साखर वाढली.

२१ मार्च, शनिवार

ईद. कनीजभाभींनी शीरखुर्मा पाठवला, भांडण विसरून. वाटी कुठल्या कार्डावर घ्यावी कळेना. सुभद्रा म्हणाली, "प्या गप." प्यालो.

रमजान संपला, भजन काही संपत नाही.

२८ मार्च, शनिवार

वर्षअखेर. आज-उद्या स्टॉक-टेकिंग. कंपनीत स्टॉक-टेकिंगला स्टोअर्स बंद म्हणजे बंद. मॅनेजर आला तरी खिळा मिळत नाही. तसं सुभद्रेला सकाळीच सांगितलं.

"मग खायाचं काय?"

"दोन दिवस बाहेरून."

हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसली आणि गेली भजनाला.

सगळे डबे जमिनीवर मांडले. दुपारपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागले. नाइलाजाने मीरासाहेबांकडे गेलो. डबा मागितला. ते दचकले. "आजच हवाय का? उद्या न्या की राव." मी म्हटलं, भूक आजची आहे. मग वरून डबा आणून दिला, माझ्याकडे न बघता.

घरी येऊन उघडला. आमटीचा वास आला आणि हात थांबला. येसूर! आमचा येसूर! एक घोट घेतला. अशी आमटी या घरात संक्रांतीनंतर झालेली नाही. डोळ्यांत पाणी आलं — तिखटाने नव्हे, खरंच आलं.

मग डोकं चाललं. चोर सापडला! कोणीतरी आमचा येसूर चोरून कनीजभाभींना विकतंय. वाटी पुरावा म्हणून हातात धरली आणि तसाच मेसचा जिना चढलो.

दार उघडंच होतं. दुसऱ्या शिफ्टची पोरं पंगतीत बसलेली. कनीजभाभी चपात्या लाटत होत्या. मोठ्या पातेल्यापुढे, हातात पळी घेऊन, सुभद्रा.

एक पोरगा म्हणत होता, "काकू, आमटी अजून जरा."

ती न मोजता वाढत होती.

मला बघून म्हणाली, "तुमचं स्टोअर्स बंद हाय न्हवं? मग आमच्याकडं का आला?"

मी वाटी पुढे केली. का केली, माहीत नाही. तिने भरून दिली.

२९ मार्च, रविवार

डबे अजून जमिनीवरच आहेत. सकाळी चहा तिने केला, साखर न मागता घेतली. मग बोलली.

"रोजात कनीजला चाखता येत न्हाई. पोरांच्या आमटीत मीठ किती, कुनाला इचारनार? म्हनली, वैनी, तेवडं चाखून जावा. मी गेले. महिनाभरानं कुनीतरी मला मिठाचं इचारलं, अवो! घरात तुमी चिठ्ठी मागत होता."



आठवडाभरातच पोरं ऐकेनात, काकूंचीच आमटी हवी म्हणाली. कनीजभाभींनी महिन्याचा पगार आगाऊच दिला. माझ्या पेन्शनीपेक्षा जास्त! त्यातलं सामान आणून ती आमच्या डब्यांत भरत होती. दुपारी मी घोरतो, सदरा खुंटीला असतो, खिशात किल्ली.

"पण कशाला?" मी म्हटलं. "सरळ सांगायचं."

"तुमचा आकडा बसावा म्हनून. मला न्हाई जायचं अकराव्या मजल्यावर. तिथं कुनाशी बोलू मी? पन मला इचारलं का कुनी? तुमी सुजितला इचारलं, सुजितनं तुमाला इचारलं."

खरं आहे. मी विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. कुत्र्याची ती म्हण मी मागे घेतो.

फडताळाचं कुलूप काढलं. मग मीरासाहेबांची माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "सगळं माहीत होतं राव. वहिनींनी शपथ घातली होती. डाळ माझ्याच दुकानातली होती, आणि वजन चोख होतं!"

३० मार्च, सोमवार

खरा हिशोब मांडला. माझी खरेदी पाच हजार सहाशे चाळीस. सुभद्रेने भरलेला माल एक हजार सातशे. एकूण सात हजार तीनशे चाळीस. फाट्यावरच्या रिक्षाचे वेगळे.

सहाच्या आत बसत नाही. बसणारही नव्हतं. माझ्या पद्धतीने फक्त मोहरी वाचली. आणि सुजितला खरं सांगावं, तर आई मेसमध्ये स्वयंपाक करते कळताच तो उद्याच टेम्पो घेऊन येईल. "लोक काय म्हणतील, बाबा!"

संध्याकाळी कनीजभाभींना म्हटलं, तुमच्या मेसचं स्टोअर्स लावून देतो. त्या घाईघाईने म्हणाल्या, "नको नको भाईसाब, कांदे चिरायला या हवं तर."

३१ मार्च, मंगळवार

सुजितचा फोन आला. "बोला बाबा, किती झाले?" मी फोनवर हात ठेवला आणि सुभद्रेकडे बघितलं.

"पाच हजार आठशे सांगा," ती म्हणाली. "आन् नुस्तं गोल नगं. वर त्रेसष्ट लावा, खरं वाटंल."

लावले.